फळ्याकडे तोंड करून

प्रयोगशाळेतल्या बैठकीच्या खोलीत पडदा बसवायला माणसं शिडी घेऊन आली आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. औषधाने थांबावं असलं ते दुखणं नव्हतं. जावेचं कौतुक झालं की जे दुखतं, ते.

आता जाऊ आणि प्रयोगशाळा एका ठिकाणी कशा, असं कुणी विचारेल. तर झालं होतं असं, की थोरली तरुणपणापासून या शेवाळाच्या प्रयोगशाळेत होती. घाण पाणी शेवाळाकडून स्वच्छ करून घ्यायचं, हे तिथलं काम. कुठलं शेवाळ किती मैला खातं, किती उजेडात वाढतं, कशाने मरतं, यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. आणि तिच्या धाकट्या दिराने लग्न केलं तेही नेमकं शेवाळावर डॉक्टरेट केलेल्या मुलीशी! मुलगी हुशार, हसरी, आणि लहानपणापासून ऐकू न येणारी. कानामागे यंत्र होतं, पण त्यातून तिला भांडं पडलेलं कळायचं, बोलणं कळायचं नाही. बोलणं ती ओठांवरून वाचायची. स्वतः बोलायची ते जरा सपाट सुरात, पण स्पष्ट. लग्नानंतर ती थोरलीच्याच प्रयोगशाळेत लागली. सासूबाईंना कोण कौतुक! "माझ्या दोघी सुना एका गाडीने जातात नि एका गाडीने येतात," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. गाडीत थोरली सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसते, हे त्यांना कुठे ठाऊक?

लॅबमध्ये 'वहिनी' म्हणायचं नाही, 'मॅडम' म्हणायचं, असं थोरलीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. धाकटीने मान डोलावली. मग ती तडक संचालकबाईंकडे गेली आणि म्हणाली, "बैठकीत सगळे एकदम बोलतात. मला कुणाचाच चेहरा धड दिसत नाही. एकाने बोलावं, माझ्याकडे तोंड करून बोलावं, आणि बोललेलं पडद्यावर अक्षरांत यावं. तसं यंत्र मिळतं." रुजू होऊन आठवडा झाला नव्हता हो! थोरलीने ऐकलं आणि तिला वाटलं, आता हिला चांगलं फैलावर घेतील.

कसलं फैलावर? संस्थेने तेव्हा नुकतीच एक समिती नेमली होती. शरीर, घर, भाषा, असल्या कशामुळे कुणी संशोधनात मागे पडू नये, हे पाहायचं तिचं काम. संचालकबाई स्वतः त्या समितीवर. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." आणि शिडी आली. पडदा आला. कॉलरला लावायचा चिमुकला माइक आला. हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही आणि एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याने सुरू करायचं नाही, असा नियम झाला.

थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिची दोन्ही गरोदरपणं याच इमारतीत, याच टेबलांशी उभं राहून निघाली होती. ओकारी आली की भांडी धुवायच्या खोलीत जायचं, तोंड पुसायचं, परत यायचं. बाळ अंगावर पीत होतं तेव्हा रसायनांच्या कोठीत, बाटल्यांच्या कपाटाआड उभं राहून दूध काढायचं आणि मोरीत ओतून टाकायचं. त्या वेळच्या साहेबांनी एकदा दार उघडलं आणि "काय चाललंय?" असं विचारलं, तर ही म्हणाली, "बाटल्या मोजतेय." तेव्हा नाही कुणी शिडी घेऊन आलं!

घरी तिने हे सासूबाईंपाशी बोलून दाखवलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पण तू मागितलं होतंस का?"

"मागायची सोय होती का तेव्हा?"

"ते मला काय माहीत? मी आपलं विचारलं," सासूबाई म्हणाल्या. थोरलीने पातेल्यावर झाकण असं आपटलं की आतल्या खोलीतून नवऱ्याने "काय पडलं?" म्हणून विचारलं.

मौज अशी, की पडद्याचा पहिला फायदा झाला तो थोरलीलाच. तिचा आवाज मुळातच बारीक. विभागप्रमुखाचा आवाज मात्र असा, की सगळी लॅब त्याला पाठीमागे 'नगारा' म्हणायची. थोरलीने हळूच काही सुचवायचं, कुणी ऐकायचं नाही, आणि जरा वेळाने तेच नगाऱ्याने ठणकावून सांगायचं. सगळे माना डोलवणार. असं करत करत तो विभागप्रमुख झाला होता. ती खुर्ची खरं तर थोरलीची होती, हे थोरलीला माहीत होतं, आणि नगाऱ्यालाही माहीत असावं. पडदा लागल्यावरच्या पहिल्याच बैठकीत थोरली म्हणाली, "पाणी एकदम न सोडता थेंबाथेंबाने सोडून पाहावं." थोड्या वेळाने नगारा वाजला, "मला वाटतं, थेंबाथेंबाने सोडावं!" संचालकबाईंनी पडद्याकडे बोट केलं. "हे मॅडमनी मघाच सांगितलंय. ते बघा, वर आहे." खोलीत खसखस पिकली. थोरलीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पण ते सुख गाडीत बसेपर्यंतच टिकलं. मग तिच्या मनात आलं, हे माझ्यासाठी थोडंच केलंय? हिच्यासाठी केलं, मला आपलं उरलंसुरलं मिळालं. इतकी वर्षं मी बोलत होते, तेव्हा कुणाला पडदा सुचला नाही. शेजारी धाकटी डबा मांडीवर घेऊन पेंगत होती. तिच्या त्या शांत झोपेचाही थोरलीला राग आला.

तशात नगारा दुसऱ्या, मोठ्या संस्थेत निघाला आणि विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार झाली. बाहेरचे परीक्षक येऊन मुलाखती घेणार होते. थोरलीने अर्ज केला. दुसऱ्या दिवशी कळलं, धाकटीनेही केलाय. घरात सासूबाईंनी दोघींच्या पाठीवरून हात फिरवला. "कुणालाही मिळो, घरातच येणार ना?" थोरली हसली. हसताना गाल दुखले तिचे. एकदा ती खुर्ची नगाऱ्याने नेली होती. आता पुन्हा गेली, तर तिच्या निवृत्तीपर्यंत ती रिकामी व्हायची नव्हती. आणि देतील तर हिलाच देतील, असं तिच्या मनाने घेतलं. तरुण आहे, काम चांगलं आहे, वर समितीला मिरवायला बरी. काम चांगलं आहे, हे तर तिला सगळ्यांत जास्त खुपायचं. बोट ठेवायला जागाच सापडत नव्हती.

मग ती सोमवारची बैठक झाली.

उजेडाची खोली थोरलीच्या ताब्यात होती. तिथे लाकडी फळ्यांवर ओळीने सगळ्यांचे काचेचे फ्लास्क असत आणि त्यांत हिरवंगार शेवाळ डुलत असे. तिथले जुने दिवे काढून नवे, प्रखर दिवे गुरुवारी बसायचे होते. ते किती प्रखर, हे मागवणाऱ्या थोरलीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. शेवाळाला एवढा उजेड एकदम सोसत नाही. पहिले दोन दिवस फ्लास्क काळ्या कापडाने झाकून ठेवावे लागतात, नाहीतर सगळं पांढरं पडून मरतं. एवढंच तिला बैठकीत सांगायचं होतं. ती उभी राहिली. माइक मानेला टोचत होता म्हणून तिने तो काढून टेबलावर ठेवला. टोचत खरोखरच होता. मग ती फळ्यावर दिव्यांची आकृती काढायला वळली आणि तशीच, फळ्याकडे तोंड करून, त्या बारीक आवाजात म्हणाली, "नवे दिवे लागले की सगळ्यांनी आपापल्या फ्लास्कवर काळं कापड टाका, दोन दिवस."

हे तिने मुद्दाम केलं का? निम्मं सवयीने झालं, असं म्हणता येईल. पण वाक्य तोंडातून निघताना ते पडद्यावर येत नाहीये, हे तिला कळलं होतं. वळून पुन्हा सांगायला किती वेळ लागला असता? ती वळली नाही. खडू खाली ठेवला, हात झटकले आणि जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात धाकटी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिची ही रीतच होती. कुठे काही निसटलं असं वाटलं की ती विचारायची, आणि घरात असो की लॅबमध्ये, विचारायची ती थोरलीलाच.

"वहिनी, आज बैठकीत फळ्याकडे तोंड होतं तुमचं. पडदाही कोरा होता. काय म्हणालात?"

थोरली कणीक मळत होती. मान वर करून, धाकटीला ओठ नीट दिसतील असं ती म्हणाली, "काही विशेष नाही गं. दिव्यांचं आपलं नेहमीचंच."

"नक्की?"

"नक्की."

धाकटी हसली आणि ताटं घ्यायला गेली. थोरलीच्या मनात फार मोठं कपट होतं असं नाही. तिचा हिशेब साधा होता. गुरुवारी बाकीचे कापडं टाकतील, ते बघून ही गडबडेल, धावाधाव करेल, 'मला कुणी सांगितलं नाही' म्हणून चार लोकांत तोंड वेडंवाकडं करेल. मुलाखतीच्या आधी एकदा तरी दिसू दे सगळ्यांना, की हिलाही सगळं जमत नाही. बस्स, एवढंच. जळणाऱ्या माणसाला आपलं मागणं नेहमी एवढंसंच वाटतं.

बुधवारी ती सांगणारही होती. खरंच सांगणार होती. ती धाकटीच्या टेबलाकडे निघालीही, पण तेवढ्यात संचालकबाई पाहुण्यांना घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आमचं काम समजून घ्यायचं तर यांच्याकडूनच घ्या," आणि हात केला तो धाकटीकडे. थोरली वाटेत उभी होती. संचालकबाईंनी तिला "जरा सरकता का?" म्हटलं. ती सरकली. आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

गुरुवारी तिने मुलाखतीच्या तयारीसाठी रजा घेतली. तिच्या फ्लास्कची काळजी नव्हती. ते नाना बघायचे. नाना म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने मदतनीस. बैठकीत ते समोरच बसलेले होते, म्हणजे त्यांनी ऐकलंच असणार, असं ती धरून चालली होती.

शुक्रवारी सकाळी ती उजेडाच्या खोलीत शिरली आणि दाराशीच थांबली. वरपासून खालपर्यंत सगळ्या फळ्या पांढऱ्या होत्या. धाकटीचे फ्लास्क पांढरे. परप्रांतातून आलेल्या, चिवचिव बोलते म्हणून सगळे जिला 'चिमणी' म्हणत त्या मुलीचे पांढरे. नगाऱ्याच्या माणसांचे पांढरे. आणि खिडकीजवळचे तिचे स्वतःचे, वर्षभर जपलेले, मुलाखतीत दाखवायचे होते ते, तेही ताकासारखे पांढरेफटक. एकाही फ्लास्कवर कापडाची चिंधी नव्हती.

"अहो नाना!" ती किंचाळलीच. "कापड का नाही टाकलंत?"

नानांचा चेहरा उतरला. तोवर सगळे गोळा झाले होते, संचालकबाईही आल्या. नाना खाली बघत म्हणाले, "मॅडम, मला हल्ली नीट ऐकू येत नाही. कुणाला बोललो नाही, म्हटलं नोकरीवर येईल. पडदा लागल्यापासून माझं निभत होतं. तुम्ही बोललात तेव्हा पडदा कोराच होता. मग मी धाकट्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, काही विशेष नाही."

"मलापण," चिमणी म्हणाली. "मी पण पडदा वाचते. भाषा जलद असते, मी वाचते. मी पण यांना विचारले."

आणि बाकीचे? एकजण दाराशी बसला होता, त्याच्यापर्यंत तो बारीक आवाज पोहोचला नव्हता. दुसरी म्हणे, पडद्यावर येईलच म्हणून न ऐकता आधीचंच लिहून घेत बसली होती. नगाऱ्याचा तर प्रश्नच नव्हता, त्याने थोरलीचं बोलणं आजवर कधी ऐकलं होतं? एकीला वगळायला थोरलीने पाठ फिरवली होती आणि अख्खी खोलीच बाहेर राहिली होती. वर तिचं ते खोटं धाकटीच्या तोंडून, चांगल्या मनाने, सगळ्यांपर्यंत पोचलं होतं.

संचालकबाई धाकटीकडे वळल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं, काही विशेष नाही म्हणून?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. तिच्या नजरेत संशय नव्हता. ती गोंधळली होती, बस्स.

"मी वहिनींना विचारलं होतं," ती म्हणाली. लॅबमध्ये पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'वहिनी' गेलं. "मी चुकीचं समजले असणार. माझी चूक आहे. नानांना, हिला, मीच सांगितलं. सगळ्यांचं नुकसान माझ्यामुळे झालं." ती थांबली. "मी माझा अर्ज मागे घेते. बैठकीत काय ठरलं तेच जिला कळत नाही, तिने विभाग कसा चालवायचा?"

झालं! खुर्ची थोरलीसमोर येऊन उभी राहिली. तिला काही करायचंसुद्धा नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला आनंद झाला. लाज वाटली ती त्याच्यानंतर.

नगारा पुढे सरसावला. "मी पहिल्यापासून सांगत होतो! पडदे लावून, हात वर करून संशोधन होत नसतं. ज्याला झेपेल त्याने यावं. हे सगळं आधी काढून टाका." मग तो थोरलीकडे वळला, अगदी आपलेपणाने. "काय मॅडम, तुम्हाला पटतंय ना?"

इतक्या वर्षांत त्याने तिला काही विचारलं असेल तर ते हे. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. तो मान डोलवत होता, ही आपल्याच बाजूची असं धरून. मागे नाना भिंतीला टेकून उभे होते आणि पडदा गेल्यावर आपलं कसं व्हायचं, ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. थोरलीला स्वतःची किळस आली.

ती धाकटीच्या समोर गेली. तोंड तिच्याकडे केलं.

"तू चुकीचं नाही समजलीस. मी तेच म्हणाले होते. खोटं सांगितलं मी तुला."

"का?" हे संचालकबाईंनी विचारलं.

"हेवा वाटत होता मला हिचा," थोरली म्हणाली. एवढ्या लोकांत ते बोलताना तिचा आवाज कधी नव्हे तो मोठा लागला. "पहिल्या दिवसापासून वाटतोय."

कुणाला कुठे बघावं कळेना. धाकटी काही वेळ थोरलीच्या ओठांकडेच पाहत राहिली, आणखी काही येतंय का म्हणून. मग तिच्या त्या सपाट सुरात म्हणाली, "शाळेत, दवाखान्यात, माहेरी, सगळे मला तेच सांगतात. काय झालं विचारलं की, काही नाही, जाऊ दे. तुम्ही कधी म्हणाला नव्हतात. तुम्ही दर वेळी सगळं सांगायचात, वैतागून का होईना. म्हणून मी नानांना इतकं खात्रीने सांगितलं."

एवढं बोलून ती नानांबरोबर फ्लास्क रिकामे करायला गेली. थोरली मदतीला पुढे झाली, तर नाना म्हणाले, "राहू द्या मॅडम, करतो आम्ही."

धाकटीने अर्ज मागे घेतला नाही. संचालकबाईंनी घेऊ दिला नाही. थोरलीने मात्र आपला काढून घेतला. मुलाखती झाल्या, खुर्ची धाकटीला मिळाली. थोरलीला समज मिळाली, आणि लॅबमध्ये महिनाभर ती आली की चहाच्या टेबलावरचं बोलणं थांबायचं. शेवाळाचं मूळ वाण दुसऱ्या संस्थेत राखून ठेवलेलं होतं, ते आणून सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पडदा राहिला.

घरी धाकटीने अबोला धरला नाही. धरला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. "वहिनी, मीठ द्या," "वहिनी, आज उशीर होईल," सगळं होतं तसंच चालू होतं. गाडीही एकच होती.

एका रविवारी जेवताना दिराने कसलीशी गंमत सांगितली. तोंडात घास होता, मान ताटात होती, शब्द कसेबसे बाहेर पडले. पण सगळे खो खो हसले, सासूबाईंना तर ठसकाच लागला. धाकटीने सगळ्यांचे हसरे चेहरे पाहिले. तिला काहीच कळलं नव्हतं. थोरली तिच्या अगदी समोर बसली होती. तिने सगळं नीट ऐकलं होतं. सांगायला म्हणून तिने घास बाजूला ठेवला, पाण्याचा घोट घेऊन तोंड मोकळं केलं आणि मान वर केली.

धाकटीने सासूबाईंच्या दंडाला हात लावला. "काय म्हणाले हो?"

सासूबाईंना दात नव्हते, त्यांचे ओठ वाचणं कठीण. त्यांनी एकदा सांगितलं, धाकटीला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. धाकटी पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत राहिली. थोरलीकडे तिने एकदाही पाहिलं नाही. आणि थोरली हातात पाण्याचं भांडं धरून त्या बोळक्या तोंडाच्या म्हातारीकडे बघत बसली. जन्मात कधी कुणाचा वाटला नव्हता इतका हेवा तिला त्या वेळी सासूबाईंचा वाटला.